उघाडीच्या सात फळ्या

शांताराम, खाजणात मुरुमाचा भराव टाकून बांधलेल्या इमारतीत मी तळमजल्यावर फ्लॅट घेतला. घेताना तुला विचारलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो.

ही तीन वाक्यं एकाखाली एक मांडली की माझी सगळी हुशारी संपते. भरती-ओहोटीचा धडा मी दरवर्षी फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवतो. पृथ्वीचा गोल माझ्याकडून लांबोडाच होतो, पण ते असो. ज्याला चंद्र काढता येतो त्याला पाण्याची भीती नाही, अशी माझी समजूत होती. आता दुपारी स्टुलावर बसून हे लिहितोय. पाय वर घेतलेत, कारण मघाशी न्हाणीघराच्या मोरीतून एक खेकडा आला आणि तो कुठे गेला ते मला दिसलं नाही.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. उद्या पौर्णिमा. भाद्रपदातलं उधाण, भरती दुपारी बाराच्या सुमाराला. आणि उघाडीवर तू नाहीस.

लहानपणापासून ती उघाडी मला पाठ होती, किंवा पाठ आहे असं मी सांगत असे. नायगावच्या बाजूने खाडी आत वळते तिथे बांध. बांधाच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला तुमच्या उघाडीपाड्याची भातं, त्याच्याही पलीकडे मिठागरं. बांधात दगडी चौकट, चौकटीला दोन्ही अंगांना खोबण्या आणि त्यात एकावर एक बसणाऱ्या, एका कडेला खाच असलेल्या सात फळ्या. भरतीला फळ्या बसवायच्या, खारं पाणी बाहेर. ओहोटीला काढायच्या, पावसाचं पाणी बाहेर. एवढंच. पाड्यातल्या प्रत्येक घराला पाळी. ज्याची पाळी त्याचा बांध, त्या दिवसापुरता तो सगळ्या पाड्याचा मालक आणि सगळ्या पाड्याचा गडी. पाळी दुसऱ्याला देता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, आणि तरी तू ती मला दिलीस. तिथे आपण दोघं चुकलो. पण तुझी चूक माणुसकीची आणि माझी पाटलोणीची. त्या पाटलोणीचं सांगतो, जरा धीर धर.

आधी आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय आणि आता तू उत्तर देणार नाहीस, म्हणजे मी जिंकलो असं कोणी समजेल. मी म्हणायचो खाडी. तू म्हणायचास नदी.

"उल्हास नदी तिकडे कल्याणच्या वरती," मी म्हणायचो. "इथे भरतीचं पाणी येतं, म्हणून ही खाडी."

"खाडी म्हनजे नदीचं तोंडच ना? मंग तोंडाला कोनी पाय बोलतो का?"

"पुस्तकात खाडी लिहिलंय."

"पुस्तकवाला कदी श्रावनात ओहोटीला पानी पिऊन बघितलाय? गोड लागतं. वरनं आलेलं असतं. ही नदीच हाय, फक्त तिला रोज दोनदा उलटी व्हते."

 तू ते पाणी खरोखर पीत असायचास. आणि माझ्या वर्गात एका पोराने उभं राहून, "सर, शांतारामकाका म्हनतात नदीला उलटी व्हते," असं सांगितलं तेव्हा मी त्याला बाकावर उभं केलं. त्या पोराचंच बरोबर होतं. आमच्या गटाराला आता दर पंधरवड्याला दुपारी बारा वाजता तोच त्रास होतो.

तू आणि मी एका बाकावर बसत होतो तेव्हा या काठावर शिडाचे पडाव लागायचे. मीठ भरून जायचे, कौलं आणि जळाऊ लाकूड घेऊन यायचे. आम्ही माणिकपूरचे ख्रिस्ती वाडीवाले, केळी-पानवेलीवाले, आमच्या पायाला गोड माती. तुम्ही खारपट्टीतले. माझी आय तुला बघितलं की पहिल्यांदा पाय धुवायला लावायची आणि मग पाटावर बसवायची. तू म्हणायचास, "आय, मीठ धुऊन टाकलं तर मी फिका लागन." आय हसायची आणि तुला एक केळं जास्त द्यायची. मी तिचा पोटचा पोरगा, मला फक्त फणी मिळायची, ती पण डोक्यात.

मग पूर्वेला वालीवच्या बाजूला कारखान्यांचे पत्रे चढायला लागले. स्टेशनवरचे टांगे एक-एक करून उभेच राहायला लागले आणि एक दिवस त्यांच्या जागी रिक्षा दिसल्या. मुंबईत जागा न परवडणारी माणसं येऊन आमच्या वाड्यांतून घरं बघत फिरायला लागली. "इथे पाणी कसं आहे हो?" असं विचारायची. आम्ही अभिमानाने रहाटाचं पाणी पाजायचो. विहिरी दाखवल्या, बावखलं दाखवली, केळीला पाणी पाजायला खणलेली आमची ती जुनी तळी. पाणी गोड आहे हे आम्हीच गावभर सांगितलं. पुढे टँकर त्याच विहिरींवर येऊन उभे राहिले, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत माझ्या थोरल्या भावाच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. केळीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या. भाऊ मला म्हणाला, "तू भूगोलवाला, हे कशानं?" मी त्याला भूजलपातळी समजावून सांगितली. तू शेजारी उभा होतास. तू एक पान तोडलंस, कड चघळलीस आणि थुंकलास. "खालनं येतंय," एवढंच बोललास. तुझा आवाज मला आवडला नाही.

आता पाटलोण.

ती पांढरी होती. खाली घेर एवढा की एका पायात चार कोंबड्या झाकता आल्या असत्या. ती शिवून आली त्याच आठवड्यात सांडोरला मुलगी बघायला जायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात तू हिवतापाने आडवा झालास. भात पोटरीला आलेलं, पौर्णिमेचं उधाण, आणि पाळी तुझी. मी सकाळी तुला भेटायला आलो तेव्हा तू गोधडीत दात वाजवत होतास. वहिनी पाणी आणायला गेली होती.

"फ्रान्सू," तू म्हणालास, "येवडी एक भरती सांभाळ. आठच्या आत जा. पानी उंबऱ्याला लागायच्या आत खाली उतरून फळ्या बसव. खाच खाली. चिखल दाबून लाव सांध्यात."

"मला शिकवू नको," मी म्हणालो. "लहानपणापासून बघतोय."

हे वाक्य पुढे मी अनेकदा मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते जास्तच मूर्ख वाटतं.

मी आठला निघालो नाही. आधी दाढी केली, मग पाटलोण घातली, मग बूट पुसले आणि साडेनऊला बांधावर पोचलो. चौकटीत गुडघाभर पाणी चढलं होतं. उतरलो असतो तर सांडोरला कमरेपर्यंत काळा होऊन गेलो असतो. म्हणून मी बांधावरच उभा राहिलो आणि पोस्टाच्या पेटीत कार्डं टाकावीत तशा एकेक करून साती फळ्या वरून खोबणीत सोडल्या. त्या धप्प धप्प करत खाली गेल्या. पाणी थांबल्यासारखं दिसलं. चिखल लावला नाही. खाच कुठे आली ते बघितलं नाही. रुमालाने हात पुसले आणि गेलो.

सांडोरला तळलेले गोड फुगे आणि चहा मिळाला. फिलोमिना समोर आली आणि माझ्या पाटलोणीकडे बघून पहिलं वाक्य बोलली, "चिखल उडालाय." एकच शिंतोडा होता. मी म्हटलं, रस्त्यात गटार होतं. लग्नाआधीच बायकोशी खोटं बोललेला मी आमच्या पॅरिशमधला एकटाच नसेन, पण एवढ्या छोट्या वाक्यात एवढं मोठं खोटं दुसऱ्या कुणाला जमलं नसेल.

बारा वाजता खालची फळी सुटली. तिच्या मागोमाग बांधाची कड गेली. संध्याकाळी मी परतलो तेव्हा उघाडीपाड्याच्या भातात पाणी इतकं शांत उभं होतं की त्यात ढग दिसत होते. कुठूनही आवाज नाही. बेडूकसुद्धा गप्प. मला वाटतं या सगळ्या भागावर जे पुढे आलं, ते पहिल्यांदा त्या गप्पपणात आलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळे जमले. तुला दोघांनी धरून आणलं होतं, अंगावर गोधडी तशीच. मी मागे उभा. पाड्याच्या कारभारी म्हाताऱ्याने विचारलं, "पाळी कोनाची व्हती?"

"माझी," तू बोललास.

"फळ्या कोनी बसवल्या?"

"मीच. तापात व्हतो. ऱ्हायलं काहीतरी."

म्हाताऱ्याने तुझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. मला वाटलं, आता मी बोलणार. घसा साफ केला. घसा साफ झाला, आणि मी तसाच उभा राहिलो. त्या घशाने मी आज पंधरा वर्षं पोरांना "खरे बोलावे" शिकवतो.

त्या दिवसापासून पाड्याने तुझं नाव 'खाऱ्या' ठेवलं. तुझ्या पोरांना खाऱ्याची पोरं म्हणायचे. तू त्या नावाला ओ द्यायचास. मी मात्र तुला नेहमी 'शांताराम' म्हणत आलो, पूर्ण, एक अक्षर न गाळता. लोकांना वाटायचं मास्तर माणूस, शुद्ध बोलतो. मला 'खाऱ्या' जिभेवर घेववत नव्हतं, एवढंच.

मातीत शिरलेलं मीठ दोन-तीन पावसाळे निघत नाही. पुढच्या वर्षी भात पिवळं आलं. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी पेरलंच नाही. मग पेढ्याचे पुडे घेऊन माणसं आली. पिकत नसलेलं शेत, त्याला गिऱ्हाईक चालून आलं, कोण नाही म्हणेल? अंगठे उठले, सह्या झाल्या. मग डोंगर फोडून तांबडा मुरुम भरलेले ट्रक दिवसभर यायला लागले. पाडा धुळीने लाल झाला. बांध आता इमारतींची मागची भिंत झाला आणि उघाडी दोन इमारतींच्या मधल्या बोळात गेली, कचऱ्याच्या डब्याशेजारी.

मी एकदाच, एकदाच तुझ्यापाशी तो विषय काढला होता. आपण बांधावर बसलो होतो, समोर पहिल्या इमारतीचे खांब उभे राहत होते.

"शांताराम, हे सगळं माझ्यामुळे झालं."

तू तंबाखू मळत होतास. "काय सगळं?"

"हे. शेतं गेली. हे शहर."

तू एवढा हसलास की तंबाखू सांडली. "लई मोठा समजू नको स्वतःला, फ्रान्सू. येवडं मोठं शहर तुझ्याच्यानं व्हनार? तुला एक फळी धड बसवता येत नाय."

मी हसलो. सुटल्यासारखं वाटलं. घरी गेल्यावर लक्षात आलं की तू नाही म्हणाला नव्हतास.

आणि मग, शांताराम, घरात भावांच्या वाटण्या झाल्या, मला दीड खोली आली, आणि मी फ्लॅट घेतला. त्याच खाजणात. इमारतीचं नाव 'जलविहार'. नाव वाचूनही मला काही कळलं नाही. फादरांनी येऊन घर आशीर्वादित केलं, सगळीकडे पवित्र पाणी शिंपडलं. तू उशिरा आलास, हातात सुक्या बोंबलांची जुडी. घर बघितलंस. जमिनीवर टाच आपटून आवाज ऐकलास. मग चुन्याची डबी काढलीस, अंगठ्यावर चुना घेतलास आणि माझ्या नव्या फिक्या निळ्या भिंतीवर, विजेच्या बटणांच्या पाटीखाली, एक आडवी रेघ ओढलीस.

"हितपर्यंत."

"काय इथपर्यंत?"

"पानी."

पाहुणे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. तू गेल्यावर ती रेघ ओल्या फडक्याने पुसली, आणि पुसली गेली नाही म्हणून वर रंग मारला. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला खालून ओल आली, वीतभर. पोपडे सुटले, त्यांना बोट लावून मी चाखलं. खारट. दरवर्षी ती ओल वर चढते. यंदा तुझ्या रेघेला चार बोटं कमी आहेत. रेघ दिसत नाही, पण मला बरोबर माहीत आहे ती कुठे आहे.

शेतं नव्हती तरी तू उधाणाला उघाडीवर यायचास. पाड्याच्या पाळ्या कधीच संपल्या होत्या. सगळ्या पाळ्या तुझ्याच. आमच्या वॉचमनने तुला दोनदा हाकललं. गिरगावातून आलेले आमचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले, "तो मासे धरायला येतो, त्याला बंदी करा." मी तिथे होतो. माझा घसा पुन्हा साफ झाला. यावेळी मात्र मी बोललो. म्हणालो, "तो मासे धरत नाही." बस्स. शूर माणूस म्हणून माझी नोंद व्हायला हरकत नाही.

मी तुला विचारलं होतं, आता कशाला येतोस?

"शेत नाय तर काय झालं? मानसं हायेत ना खाली. तळमजल्याला एक गाढव पन ऱ्हातो."

या पावसाळ्यात तुझ्या पोटात पाणी झालं. मी पडवीत तुझ्या उशाशी बसलो होतो. पोट घागरीसारखं, हातपाय काड्या. तू पोटावर टिचकी मारलीस. "बघ. आत शिरली. बोललो व्हतो ना, नदी हाय, खाडी नाय." मग विचारलंस, "मुरुम किती बसला तुमच्यात?"

"जिन्यापाशी दोन बोटं."

डॉक्टर मान हलवतो तशी तू मान हलवलीस.

मी म्हणालो, "शांताराम, त्या दिवशी मी—"

"भरती किती वाजता हाय आज?" तू विचारलंस.

मी वेळ सांगितली. मग तू डोळे मिटलेस आणि मी ते वाक्य घेऊन घरी आलो. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

म्हणजे होतं, काल सकाळपर्यंत. काल मी चांगुणावहिनीकडे गेलो. ती पडवीत तांदूळ निवडत होती. तुझी ती सात फळ्यांची चळत भिंतीला टेकून उभी, दोन कुजलेल्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पाटलोण, साडेनऊ, पोस्टाची पेटी, चिखल, पार. पंधरा वर्षांचं सांगायला चार मिनिटं लागली. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"वहिनी, शांतारामने माझी चूक स्वतःवर घेतली. तुम्हाला कुणालाच—"

"भावजी, जो मानूस त्या दिवशी मुतायला उठला नव्हता, तो फळ्या बसवायला जानार? पानी आलं तवा पयली मी धावलेली उघाडीवर. छातीभर पान्यात उतरून फळ्या काढल्या. ऱ्हायलेल्या सगळ्या उलट्या. आमच्यातलं शेंबडं पोर पन फळी उलटी लावत नाय. आनि बांधावर बुटाचे ठसे, हितनं तितपर्यंत. पाड्यात बूट कोनाला व्हते तवा?"

"म्हणजे... सगळ्यांना?"

"सगळ्यांनी बघितले."

"मग पारावर कोणी बोललं का नाही?"

"तो बोलला माझी पाळी. मंग त्याचीच. पाळीवर दुसरा कोन बोलनार?" तिने एक खडा काढून अंगणात टाकला. "मरस्तोवर त्याला वाटत व्हतं मला ठावं नाय. मी पन ऱ्हाऊ दिलं."

मी पायरीवर बसलो. पंधरा वर्षं मी ज्यांच्यापासून लपत होतो ते सगळे मला बघत होते, आणि माझ्या वर्गात पोरं पाठवत होते, आणि मला 'मास्तर' म्हणत होते. शांताराम, तुझ्या त्या 'खाऱ्या' नावाला पाडा हसायचा तेव्हा ते माझ्याकडे बघून हसत होते काय? हे तुला विचारायचं राहिलं. की तुलाही ठाऊक होतं?

वहिनीच्या अंगणातून आमची 'जलविहार' दिसते. चार मजले, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, तळमजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यात एक सात महिन्यांची पोटुशी. मागे बांधापलीकडे खाडीचं पाणी दिसत होतं. काल चतुर्दशीही नव्हती, तरी ते बांधाच्या कडेला पोचून थांबलं होतं.

"परवा उधाण आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"फळ्या..."

"मी बसवीन. माज्या कमरंत जोर नाय, पन मी बसवीन. चिखल वर द्यायला मानूस पायजे."

"मी येतो," मी म्हणालो. "आठच्या आत येतो. अनवाणी येतो. पाण्यात उतरतो, वहिनी. खाच खाली, आता विसरणार नाही."

तिने पहिल्यांदा सूप बाजूला ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, शेवटी पायांकडे. मी बूट घालून आलो होतो.

"ये," ती म्हणाली. "पन फिलूबायला संगं आन. परत तुझ्या एकट्याच्या भरोशावर गाव बुडवायचं काय?"